सासऱ्यांसमोर विचारलेला प्रश्न

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात सुरतेतल्या एका लहान रुग्णालयात उज्ज्वलाला आणले, तेव्हा तिचे अपेंडिक्स फुटलेले होते. शस्त्रक्रियेआधी मंदा सिस्टरने तिच्या बांगड्या उतरवल्या आणि पुढे काय होईल तेही सांगितले: आतडी काही काळ निपचित राहतील, वारा सरला की ती जागी झाली असे समजायचे, आणि तोवर तोंडात पाणीही नाही.

चौथ्या दिवसापर्यंत वारा सरला नव्हता. निदान उज्ज्वलाचे म्हणणे तसे होते. राउंडला डॉक्टर देसाई हिंदीत विचारत, सिस्टर मराठीत विचारी, आणि पदर नाकापर्यंत ओढलेली ती नवी सून मान हलवून नकार देई.

डॉक्टरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावला. आतड्यांचे आवाज येत होते. आवाज असून वारा नाही, म्हणजे पुढे कुठेतरी अडथळा असावा, हे त्यांचे अनुमान मिळालेल्या माहितीवरून योग्यच होते. दुपारी एक्स-रे, आणि गरज पडल्यास संध्याकाळी पोट पुन्हा उघडायचे, असे सांगून ते पुढे गेले.

मंदाला शंका होती ती माहितीचीच. पोट मऊ होते, उलटी नव्हती, आणि शेजारच्या खाटेवर चहा आला की उज्ज्वला बशीवरून नजर काढत नसे. मग मंदाला आठवले की प्रश्न विचारला गेला त्या प्रत्येक वेळी उशाशी निंबा होते. निंबा म्हणजे उज्ज्वलाचे सासरे. मुलगा उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला असे, म्हणून पहारा त्यांचा. बायकांच्या वॉर्डात पुरुषांनी बसू नये हा नियम त्यांनी ऐकून घेतला होता, पाळला नव्हता.

प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा. मंदाने निंबांना बाहेर बसायला सांगितले.

"तिना बापले शबद देयेल शे," ते म्हणाले. पोरीला नजरेआड होऊ देणार नाही, असा तिच्या वडिलांना दिलेला तो शब्द होता. "मन्हापासीन काय लपाडनं शे?"

"लपवायचं काही नाही, बाबा. सांगायचं आहे. घरात शिरताना तुम्ही खाकरता ना? ते कशासाठी?"

निंबांनी टोपी उचलली. मग ते बाहेर गेले.

उज्ज्वलाने पदर मागे सारला. मंदाला प्रश्न पुन्हा विचारावा लागला नाही.

"कालपासीन," ती पुटपुटली.

"मग नाही का म्हणत होतीस? पोट पुन्हा फाडणार होते तुझं."

"सासरासमोर सांगापेक्षा फाडेल बरं," उज्ज्वला म्हणाली आणि हसताना टाके ओढले गेले म्हणून पोट धरून बसली.

मंदाने कळवताच डॉक्टर परत आले, त्यांनी पोट दाबून पाहिले आणि एक्स-रे रद्द केला. आधी चमचाभर पाणी, ते टिकल्यावर संध्याकाळी अर्धी बशी चहा.

दुसऱ्या दिवसापासून निंबा वॉर्डच्या दाराशी मोठ्याने खाकरत आणि आतून बोलावणे येईपर्यंत तिथेच उभे राहत. दोन दिवस हे ऐकल्यावर डॉक्टर देसाईंनी मंदाला विचारले, की या गृहस्थांच्या छातीचा एक्स-रे काढून घ्यावा का.

मंदाने नको म्हणून सांगितले.