पंचवीसपैकी पाच

माझ्या भावानं माझ्या भाचीचा हात मोडला तो मंगळवार होता, अन् त्या दिवशी सकाळी त्याले फोन मीच केला होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून लोक मले उगाच देवी म्हणतील.

मी वनमाला. रायपुरातल्या एका सरकारी शाळेत अकरावी-बारावीले फिजिक्स शिकवते, चोवीस वर्षं झाली. यंदा प्राचार्यांनी फर्मान काढलं की अकरावीची सुरुवात पोट्ट्यांले जड जाते, तर प्रत्येक मास्तरनं दहा-दहा पोट्टे वाटून घ्या, त्यांच्या घरी बोला, त्यांले सांभाळा. चांगलंच होतं ते. दहावीत नव्वद टक्के घेऊन आलेलं लेकरू अकरावीच्या पहिल्याच परीक्षेत दणकन आपटतं, अन् दिवाळीपर्यंत आपलं आपण उठून उभं राहतं. मले हे पाठ आहे. म्हणून नऊ घरी मी फोन करून गोड आवाजात सांगितलं, "घाबरू नका, पोराले रागावू नका, डिसेंबरात पाहा कसा येतो तो."

माझ्या यादीत दहावं नाव होतं साक्षीचं, माझा धाकटा भाऊ नरहर याची पोट्टी. तिले फिजिक्सात पंचवीसपैकी पाच.

तिथे माझं डोकं सणकलं. अख्ख्या स्टाफरूमले ठाऊक, ही वनमाला मॅडमची भाची. नऊ जणांले सांगितलेलं गोड बोलणं मी नरहरले नाही सांगितलं. त्याले म्हटलं, "काय गा, झोपला काय तू? पोट्टी पाच मार्क आणून राहिली! नाक कापलं माझं. घरात तुझा काही धाक आहे का नाही?" फोन ठेवला, पिरेड घ्यायले गेली, अन् विसरली.

तो नाही विसरला. नवा रायपुरात एका ऑफिसात बाबू आहे तो. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून मोटरसायकलनं समता कॉलोनीत घरी आला, अन् पोट्टी शाळेतून यायची वाट पाहत बसला.

पाच वाजता भावजयीचा, क्षमाचा फोन आला. "ताई, या वो लवकर. हे जीव घेतील तिचा." मागून धपाधप आवाज येऊन राहिला होता. शाळा चारलेच सुटली होती, मी मागं थांबून आत्ता निघून राहिली होती; फाटकातूनच स्कूटी वळवली. रस्त्यात कोणाले आडवी गेली, कोण शिव्या देऊन गेलं, काही आठवत नाही.

दार उघडंच होतं. नरहरच्या हातात कपडे धुवायची लाकडी मोगरी. साक्षी दिवाण अन् भिंतीच्या मधात दबलेली, नाकातलं रक्त युनिफॉर्मवर सांडलेलं, उजवा हात मनगटाच्या वर, जिथे वाकायले नको तिथे वाकलेला. फिजिक्सच्या पुस्तकाची पानं फाडून सगळ्या खोलीत फेकलेली. क्षमा नवऱ्याच्या कमरेले लटकली होती. त्यानं तिले असं झटकलं की तिचं डोकं फ्रिजवर आदळलं.

"बोल! पाच कसे आले? बोल!" दर 'बोल'मागे मोगरी पडे. पोट्टी आता ओरडतही नव्हती, नुसती कण्हून राहिली होती.

मी डोक्यावरचं हेल्मेट काढलं अन् त्याच्या खांद्यावर हाणलं. मोगरी हातातून सुटली. तो वळला, त्यानं माझा गळा धरून मले भिंतीवर रेटलं. माझ्या बांगड्या फुटल्या, काच हातात घुसली. मी त्याच्या पंजाले कडाडून चावली. त्यानं हात सोडताच पुन्हा हेल्मेट हाणलं, एक तोंडावर, एक कानावर. त्याच्या दाताचा तुकडा पडला. तो गुडघ्यावर बसला तरी मी हात उगारलेलाच होता. अन् खोटं काहून बोलू, मले बरं वाटून राहिलं होतं. अजून चार द्याव्या असं वाटून राहिलं होतं.

नरहरनं वर पाहिलं अन् रक्ताळलेल्या तोंडानं हसला. "मार न ताई, थांबली काहून? तुझ्याच मारानं तर बारावी झालो मी."

बाबा वारले तेव्हा नरहर अकरावीत होता. मी एमएस्सी करून राहिली होती, आईचं कोणी ऐकत नव्हतं, तर त्याले शिकवायचं काम मी घेतलं. शिकवलं म्हणजे बडवलं. पट्टीनं, लाटण्यानं, एकदा तर गरम उलथन्यानं. पोट्टा पास झाला, नोकरीले लागला. तेव्हापासून दर लग्नात, दर बारशात मी छाती फुगवून सांगत आली, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही बापा, आमच्या नरहरकडे पाहा!" लोक हसत. तोही हसे. साक्षी तिथेच बसून ऐकत असे.

"सकाळी तूच म्हणली न, धाक आहे का नाही?" आता तो लहान पोरासारखा रडून राहिला होता. "मले दुसरं काही येत नाही, ताई. तू दुसरं शिकवलंच कुठे?"

माझा हात आपोआप खाली आला. त्याची कीव आली, अन् स्वतःची किळस आली. पण बसून रडायले वेळ नव्हता, साक्षीचे डोळे फिरून राहिले होते. क्षमा अन् मी तिले उचलून ऑटोत टाकलं अन् दवाखान्यात नेलं.

एक्स-रेत दोन्ही हाडं मोडलेली निघाली. डॉक्टरनं विचारलं, "कैसे लगा?"

"सीढ़ी से गिर गई," क्षमा म्हणाली. तिच्याच कपाळावर टेंगूळ आलं होतं. मग मले बाजूले ओढून कुजबुजली, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोलीस केस झाली तर यांची नोकरी जाईल. आपलेच दात, आपलेच ओठ वो."

नरहरले मी वाढवलं आहे. त्याच्या पहिल्या पगाराची साडी अजून माझ्या कपाटात आहे. मी गप्प राहिली असती तर कोणी मले बोललं नसतं. पण ती पोट्टी खाटेवरून माझ्याकडे पाहून राहिली होती. तिले एवढंच समजायचं होतं की आज पुन्हा त्याच घरी जायचं का.

"बापानं मारलंय," मी डॉक्टरले म्हटलं, अन् त्याले समजावं म्हणून हिंदीत पुन्हा सांगितलं. "इसके पापा ने मारा है, मोगरी से. लिखिए. मैंने देखा है, मैं थाने में भी बोलूँगी."

क्षमा मटकन खाली बसली. तिच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

प्लास्टर झाल्यावर मी साक्षीजवळ बसली. "हे पाहा, आता त्या घरी जायचं नाही. माझ्याकडे राहायचं. अकरावी-बारावी मी करून घेते तुझी, तू काही काळजी करू नको." मले वाटलं, पोट्टी गळ्यात पडेल.

"नहीं बुआ," ती तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाली. "आपके घर नहीं जाऊँगी."

"काहून वो?"

ती खाली पाहूनच म्हणाली, "अगली बार भी कम आए तो?"

मले आधी रागच आला. एवढी मारामारी केली हिच्यासाठी, सख्ख्या भावाले पोलिसांत देऊन राहिली, अन् ही मलेच भिते! "आणून तर पाहा कमी!" हे अगदी माझ्या ओठावर आलं होतं. आलंच होतं, देवाशपथ. अन् ते आलं हे मले समजलं तसं मी ते गिळून टाकलं.

"मग कोणाकडे जाशील?" मी विचारलं.

"कौमुदी मौसी के पास."

कौमुदी म्हणजे क्षमाची धाकटी बहीण, बूढ़ापारा मोहल्ल्यात शिवणकाम करते. दहावीच्या पुढे शिकली नाही म्हणून मी तिले कधी धड हिशोबात धरलं नव्हतं. मी तिले फोन लावला अन् पोट्टी दवाखान्यात आहे, हात मोडला आहे, एवढं सांगितलं.

"अरे बापा! कोणी मारलं तिले?" कौमुदी ओरडली.

"आम्ही भाऊ-बहिणीनं," मी म्हटलं. "तू ये, अन् तिले घेऊन जा."