कुंभकर्णाची सेवा

मी चौतीस वर्षं विम्याच्या ऑफिसात मृत्यूचे दावे तपासत होतो. माणूस खरंच गेलाय की नाही, हे कागद बघून सांगायचो. त्यामुळे वारज्यातल्या आमच्या घरामागच्या वाफ्यात बेडूक सापडला, तेव्हा त्याच्याबद्दलचा निर्णयही मीच दिला.

जानेवारीतली सकाळ होती. मी स्वेटर, त्यावर शाल आणि माकडटोपी अशा थाटात गुलाबासाठी खड्डा खणत होतो. वीतभर खाली मातीचं ढेकूळ लागलं. उचललं, तर त्याला पाय होते. डोळे मिटलेले, अंग थंडगार.

"हेमा, गारठून मेलाय बिचारा," मी बायकोला हाक मारली.

ती दारातूनच म्हणाली, "मग पुरा परत. खड्डा तयारच आहे."

तेवढ्यात त्याचा एक पाय किंचित आखडला. माझ्यातला परोपकारी माणूस जागा झाला. तो एरवी क्वचितच जागा होतो, त्यामुळे त्याला काय करायचं ते कळत नाही. मी बेडकाला बुटाच्या खोक्यात ठेवलं, खाली माझ्या गुडघ्यांची गरम पाण्याची पिशवी सरकवली आणि खोकं दिवाणखान्यात नेलं. मग माझी भाची अवनी हिला व्हिडिओ कॉल लावला. ती प्राणिशास्त्र शिकते. खरं तर मला सल्ला नको होता, कौतुक हवं होतं.

"एका जिवाला वाचवलंय," मी म्हणालो आणि खड्ड्यातल्या गारठलेल्या बेडकाची, गरम पिशवीची हकिकत सांगितली.

"मामा, तो झोपला होता!" ती ओरडली. "थंडीत बेडूक जमिनीत जाऊन बसतात. हृदय अगदी हळू चालतं, श्वास बराचसा कातडीतून घेतात. पावसाळ्यात खाऊन जी चरबी साठवलेली असते, तिच्यावर सगळा हिवाळा काढतात. तू ऊब देऊन जागं केलंस तर ती चरबी फुकट संपेल, आणि या दिवसांत त्याला खायला किडे कुठून मिळणार? दाखव बघू."

मी फोन खोक्याकडे वळवला. खोकं रिकामं होतं.

पुढचा तपास मी गुडघ्यांवर रांगत केला. सोफ्याखाली दोन डोळे चमकले. मी हात घातला, तो मागे सरकला, मी आणखी आत घुसलो आणि तिथेच माझी कंबर धरली. अवनीला फोनमधून फक्त माझी माकडटोपी दिसत होती.

"मामी, मामाला काय झालंय?"

"काही नाही. तेही जमिनीत जाऊन बसायचं बघतायत," हेमा म्हणाली. तिने सोफा बाजूला ओढला, बेडकावर पिठाचा रिकामा डबा उपडा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि मग मला उठवलं. क्रम हाच होता.

अवनीने सांगितल्याप्रमाणे आम्ही भिंतीलगतच्या सावलीत माती भुसभुशीत केली, थोडी ओलावली आणि त्याला तिथे सोडलं. बराच वेळ तो माझ्याकडे बघत बसला. त्या नजरेत कृतज्ञता शोधायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. मग तो मागच्या पायांनी माती उकरू लागला. तोंड आमच्याकडेच ठेवून तो हळूहळू मागे मागे खाली गेला. शेवटी नुसतं नाक उरलं, तेही गेलं. इतक्या शांतपणे लोकांसमोरून निघून जाणं मला कधी जमलेलं नाही. मी वाकून बघतच राहिलो. हेमाने न सांगता खुर्ची आणून दिली.

"त्रास झाला असेल का गं त्याला?" मी विचारलं.

"झाला असेल. पण हात आधी साबणाने धुवा."

गुलाब मी कुंडीत लावला. जूनमध्ये एका संध्याकाळी नळापाशी एक गलेलठ्ठ बेडूक बसलेला दिसला.

"हेमा, तोच आहे! मला ओळखलंन!"

"म्हणूनच पळाला," ती म्हणाली. मी वळून बघितलं, तर नळापाशी खरंच कोणी नव्हतं.