नुसत्या पाण्याची रेषा

"ताई, पाण्याची रेषापण वर गेलीय," डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या.

ताईंचा चेहरा उतरला. या प्रयोगशाळेत त्यांचं आयुष्य गेलं, पण घरच्या माणसाचा नमुना यंत्रात घालायची वेळ आजवर आली नव्हती. यजमानांना मासे पाळायचा भारी नाद. टाकी साफ करताना माशाचा काटा बोटात घुसला आणि जखम काही भरेना. नेहमीच्या तपासण्यांत जंतू सापडेना. सर्जननी सांगितलं, जंतू कळला तर औषध देता येईल, नाहीतर बोट कापावं लागेल.

म्हणून जखमेतला तुकडा जनुकाच्या चाचणीला आला. संशय टाकीच्या पाण्यात वाढणाऱ्या एका जंतूवर होता. त्याचा जनुक तुकड्यात असला, की यंत्र त्याच्या प्रती काढत सुटतं आणि पडद्यावर रेषा चढते. शेजारच्या नळीत मात्र पडताळणीसाठी नुसतं शुद्ध पाणी असतं. तिची रेषा आडवीच राहायला हवी.

यजमानांची रेषा चढली होती. पण पाण्याचीही चढली, म्हणजे जंतू बाहेरून शिरला होता आणि यजमानांच्या रेषेवरही भरवसा ठेवता येत नव्हता. उरलेला तुकडा एकदाच पुरला असता. पुन्हा लावल्यावर यजमानांची रेषा आडवी राहिली तर? आहे तेच उत्तर पाठवावं, असं ताईंच्या मनात येऊन गेलं.

"माझ्यामुळे झालं हे," त्या म्हणाल्या. "ह्यांचा हात बांधलेला, म्हणून सकाळी टाकीचं पाणी मीच बदललं. बाही भिजली होती, तशीच आले. आता सगळं नवं घेऊन तुम्ही लावा. मी बाहेर बसते."

बाहेर बाकावर टेकतात न टेकतात तोच घरून यजमानांचा फोन आला.

"अगं, जाडीनं सकाळी खाल्लं का?" जाडी म्हणजे टाकीतली सगळ्यात जुनी मासोळी.

"इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला माशाची पडलीय."

"ती माझ्या बोटातूनच खाते गं. तुझ्या हातचं आवडलं नसेल."

"तुम्ही इतकी वर्षं खाताय ना मुकाट्यानं? तीही खाईल."

फोन ठेवल्यावर त्यांना हसूही आलं आणि भरूनही आलं. या माणसाशिवाय आपलं पान हलत नाही, हे त्या त्याला कधीच बोलल्या नव्हत्या.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. "पाणी गप्प आहे, ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यजमानांची रेषा चढली. औषध आजच सुरू करू." ताई तिथंच बसून मनसोक्त रडल्या.

बोट वाचलं. पण टाकीत हात घालायचा नाही, अशी डॉक्टरांनी कायमची तंबी दिली.

आता कोपरापर्यंत हातमोजे चढवून ताई टाकी साफ करतात आणि यजमान शेजारी स्टुलावर बसून चुका काढतात. एके दिवशी ताईंनी वरून खाणं टाकलं. जाडी त्याकडे फिरकलीसुद्धा नाही. नेहमीच्या जागी येऊन, तोंड वर करून वाट बघत राहिली.

यजमानांनी बरं झालेलं बोट बाहेरून काचेला लावलं. जाडी खाली आली आणि आतून तिथंच तोंड टेकवून थांबली. ताईंनी खाण्याचा डबा बंद केला आणि दोघांना तसंच बसू दिलं.