झुंबरआक्कांचं अर्धंच वाक्य

मी एक माईक बोलतोय. सभेतल्या स्टँडवरचा नव्हे, बातमीदाराच्या मुठीतला. माझ्या गळ्यात लाल चौकोनी डबी आहे, तिच्यावर लिहिलंय 'लोकांचा कौल'. बारामतीतल्या एका छोट्या चॅनेलचं हे नाव. मोबाईलवरचंच चॅनेल, पण गावोगाव बघितलं जातं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. खोक्यातून काढून ज्या हातानं मला पहिल्यांदा पुसलं, तो निकिताचा. मला दुसऱ्याच्या तोंडाशी धरलं की ती स्वतः गप्प राहायची. हे फार थोड्या बातमीदारांना जमतं. बाकीचे प्रश्नातच उत्तर घालून ठेवतात.

चॅनेलचा मालक युवराज. नळपाणी योजनेबद्दल लोकांना काय वाटतं ते विचारून ये, असं सांगून त्यानं तिला कऱ्हाटी गावाच्या पलीकडच्या एका वस्तीवर पाठवलं. तिथं झुंबरआक्का भेटल्या. दारात नवा नळ, गोठ्यात एक गाय. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि बोलल्या, "नळ आला तवा लय बरं वाटलं बघ. हळदीकुंकू लावलं त्याला. म्हटलं, सरकारनं आमच्याकडं बघितलं. पर पाणी कुठं हाय? टँकर येतोय म्हून चाललंय आमचं."

मी शब्द न शब्द पुढं पोचवला. चॅनेलवर मात्र आक्का 'आमच्याकडं बघितलं' इथंच गप्प झाल्या. वर मोठ्या अक्षरांत मथळा, 'वस्तीवर गंगा आली'. निकितानं विचारलं तर युवराज म्हणाला, वेळ कमी होता, कापावं लागलं. तिनं ते खरं मानलं.

थोड्याच दिवसांत वस्तीचा टँकर बंद झाला. लोक तालुक्याला विचारायला गेले, तर तिथल्या साहेबांनी मोबाईल काढून आक्कांचाच चेहरा त्यांना दाखवला. "ह्या तुमच्याच वस्तीवरच्या ना?"

हे कानावर येताच निकिता वस्तीवर गेली. गोठा रिकामा होता. आक्का लांबच्या विहिरीवरून घागर आणत होत्या. त्यांनी घागर खाली टेकवली.

"गाय इकली," त्या म्हणाल्या. "मलाच प्यायला न्हाय, तिला कुठनं आणू? पोरी, मी काय बोलले हुते, आन तुमी काय दावलं?"

निकितानं मला पिशवीत टाकलं नाही, पण पुढंही केलं नाही.

बारामतीत परतल्यावर ती मला बंद न करताच थेट युवराजसमोर गेली. तो शांतपणे म्हणाला, "आपलं चॅनेल कशावर चालतं, वाटतंय तुला? योजनेच्या जनजागृतीच्या निधीवर. आबाजीराव सांगतील ते दाखवायचं." आबाजीराव म्हणजे योजनेच्या तालुका समितीचे अध्यक्ष.

"मग खाली जाहिरात म्हणून लिहा की."

"जाहिरात म्हटलं की लोक बघत नाहीत. बातमी म्हटलं की विश्वास ठेवतात. आपल्याला पैसे त्या विश्वासाचे मिळतात, निकिता."

म्हणजे नळाला पाणी यावं म्हणून लोकांनी भरलेला पैसा, पाणी आलंय हे त्याच लोकांना पटवायला खर्च होत होता. आणि पटवत होतो मी. माझ्या गळ्यातली डबी मला नकोनकोशी झाली.

पुढं भवानीनगरला आबाजीरावांचा कार्यक्रम होता. सगळ्या चॅनेलचे माईक त्यांच्यापुढं दाटीवाटीनं धरलेले. निकिता म्हणाली, "अध्यक्ष, आमच्या बातम्यांचे पैसे पाण्याच्या निधीतून दिले जातात. लोकांना हे का सांगितलं नाही? वस्तीचा टँकर बंद झाला, त्याला जबाबदार कोण?"

आबाजीरावांचा आवाज चढला नाही. "जनजागृती हा खात्याचा विषय हाय. खात्याला विचारा."

खात्याचे अधिकारी बाजूलाच होते. ते म्हणाले, "आम्ही समितीच्या आदेशानं चालतो. अध्यक्षांना विचारा."

निकितानं मला इकडून तिकडं नेलं, तिकडून इकडं आणलं. तेवढ्यात आजूबाजूचे माईक एकेक करून खाली गेले. कुणीतरी घड्याळ पाहिलं, कुणी बूट. मग मला उमगलं, यातले बरेचजण माझ्याच पंगतीला जेवलेले होते.

तो प्रश्न कुठंच दिसला नाही. युवराजनं चित्रण पुसून टाकलं. मी आवाज पोचवतो, साठवून ठेवता येत नाही मला. त्या दिवसाइतका स्वतःचा राग मला कधी आला नव्हता. निकिताची नोकरी गेली.

पुढचं मी युवराजच्या फोनवरच्या चिडचिडीतून ऐकलं, त्याच्या टेबलावर चुकून चालूच राहिलो होतो तेव्हा. निकिता वस्तीवरच्या बायकांना घेऊन ग्रामसभेत गेली होती. आक्कांनी आपलं वाक्य तिथं अख्खं म्हणून दाखवलं. टँकर पुन्हा सुरू झाला, रोज नाही, एक दिवसाआड. गाय काही परत आली नाही. प्रचारावरच्या खर्चाची चौकशी नेमली गेली, आणि चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणून आबाजीरावांचंच नाव आलं.

आता मी दुसऱ्या एकाच्या हातात आहे. तो बोलका आहे, प्रश्नातच उत्तर घालतो. काल पिंपळीत त्यानं मला एका म्हाताऱ्या तात्यांपुढं धरलं. तात्यांनी डबी वाचली आणि म्हणाले, "आधी तू सांग, तुला पैसं कोण देतंय?"

त्यानं हसून मला बंद केलं. तात्या काहीतरी आणखी बोलत होते. मला ते ऐकू आलं नाही. तुम्ही जवळ असाल, तर माझ्यावाचून ऐका त्यांचं.