ठिपक्यांचं फूल

दादाचा फोटो स्टुडिओ आहे, आणि आमच्या गावातला एकही माणूस स्वतःच्या फोटोसारखा दिसत नाही. मुरुम, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, दादा सगळं पुसून देतो. न मागता देतो. ओळखपत्रं शेजारी शेजारी ठेवली तर निम्मं गाव सख्खी भावंडं वाटतील.

दर उन्हाळ्यात मात्र तो दुकानाला कुलूप लावून डोंगरावर रानफुलांचे फोटो काढायला जायचा. सोबत वहिनी. फोटो स्टुडिओच्या भिंतीवर लागायचे, वाहवा दादाची व्हायची, आणि वहिनी बघणाऱ्यांना चहा द्यायची. सोबत म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

यंदा वहिनी पलंगावर. हिवाळ्यात दुकानाच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण डोंगर विसरा. डोंगर ती विसरली असती. एक फूल विसरेना. ओढ्याच्या वरच्या कपारीत ते तिलाच पहिल्यांदा दिसलं होतं. नखाएवढं पांढरं, पाकळ्यांवर जांभळे ठिपके. आणि नेमकी त्या कपारीवर दरड कोसळल्याचं कानावर आलं होतं.

"आहे की गेलं, तेवढं बघून या," ती दादाला म्हणाली. "गेलं असेल तर गेलं म्हणा. मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगू नका." मग माझ्याकडे वळली. "वन्सं, तुम्ही जा यांच्याबरोबर. छत्री धरायला."

"एवढंच ना?" मी म्हटलं.

एवढंच! दरड कपारीला घासून खाली गेली होती. फूल होतं. दादा आनंदाने पोटावर आडवा झाला, आणि मी स्टुडिओतली पांढरी छत्री घेऊन ओल्या दगडावर उकिडवी बसले. ऊन फुलावर यायला नको, वारा तर मुळीच नको.

"मुनीमजी, सावली सरकली."

"माझा पाय मेलाय."

"पायाचं नंतर बघू. श्वास जरा तिकडे सोड, फूल हलतंय."

मी हिशेबी बाई, म्हणून तर दादा मला मुनीमजी म्हणतो. कुणी कुणासाठी काय केलं, ते माझ्या डोक्यात पक्कं असतं. पण त्या दगडावर बसल्यावर कळलं, वहिनीच्या नावावर आपण आजवर काहीच जमा केलं नव्हतं. ती दर उन्हाळ्यात अशी बसायची, आणि घरी येऊन वर चहा टाकायची.

दादाने मोठा फोटो छापून आणला. वहिनीने तो उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला. मग पालथा करून पांघरुणावर ठेवला.

"गेलं ना ते?" ती हळूच म्हणाली. "दुसरंच कुठलंतरी काढून आणलंत. मी सांगितलं होतं, असं करू नका म्हणून."

"अगं, तेच आहे!"

"ठिपके कुठे आहेत?"

मी फोटो सुलटा केला. पाकळ्या धुतल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र. मी दादाकडे बघितलं. त्याने स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

"पुसले," तो म्हणाला. "हात सवयीचा गं. मला कळलंसुद्धा नाही."

तो धावतच कॅमेरा घेऊन आला. पडद्यावर मूळ फोटो होता. सगळे ठिपके जागच्या जागी, आणि कडेला छत्रीची काडी, माझा अंगठा, माझ्या बुटाचं टोक. वहिनी हसू लागली, हसताहसता डोळे पुसू लागली.

"आहे तर. सुखरूप आहे." मग पुन्हा निरखून, "काय हो वन्सं, छत्री धरलीय की सूप?"

"पहिलीच वेळ होती!"

"माझेही हात यायचे का हो असे?" तिने दादाला विचारलं.

"प्रत्येक फोटोत."

"आणि तुम्ही?"

"कापायचो," दादा म्हणाला, आणि गावाचे चेहरे उजळणाऱ्या माझ्या भावाचा चेहरा पार उतरला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. दादाने भिंतीवरचे सगळे फोटो उतरवले, जपून ठेवलेले मूळ फोटो शोधले आणि न कापता पुन्हा छापले. आता प्रत्येक फुलाच्या कडेला वहिनी आहे. कुठे बोटं, कुठे कोपर, कुठे मातीने भरलेला बूट.

वहिनी आता काठी घेऊन दुकानात येऊन बसते. परवा एक गिऱ्हाईक भिंतीकडे बघत म्हणालं, "फूल झकास आलंय. तो हात तेवढा पुसून टाका की."

"तो हात होता म्हणून फूल हललं नाही," दादा म्हणाला. "तुम्ही बसा. हनुवटी वर."

ठिपक्यांचं फूल वहिनीच्या उशाशी लावलंय, माझ्या अंगठ्यासकट. मी इतक्या उन्हाळ्यांचे आभार मानायला गेले, तर म्हणते, "ते राहू द्या वन्सं. पुढच्या उन्हाळ्यात नखं तेवढी कापून जा."