मध्यंतरानंतर

"आई, आज नको ना जाऊस," जयेश दार अडवून म्हणाला. "सलोनीची दुकानात पाळी आहे, आणि आमच्या बॉसनी, मोरिता-साननी, अख्ख्या टीमला जेवायला बोलावलंय. आमचं सॉफ्टवेअर कालच लाइव्ह झालं. मीच नसलो तर कसं दिसेल? रुचाला कोण बघणार?"

"तू बघ," सिंधूताईंनी पदराला पिन लावली. "मुलगी तुझी आहे."

"अगं, परवा तुझं विमान आहे!"

"म्हणूनच आज जायचंय."

जयेश चाटच पडला. तीन महिने ही बाई क्योतोतल्या मुला-सुनेच्या त्या दोन खोल्यांत मुकाट पोळ्या लाटत, नातीला खेळवत बसली होती. आणि निघायच्या तोंडावर तिला हे शामिसेन, इथलं तीन तारांचं वाद्य, ऐकायचं खूळ लागलं होतं.

खूळ आजचं नव्हतं. सांगलीच्या एका नाट्यगृहात सिंधूताई एकोणतीस वर्षं तिकीटखिडकीवर बसल्या. खुर्च्यांचा प्लॅन पुढे सरकवायचा, समोरच्याने बोट ठेवलं की लाल पेन्सिलीने फुली मारायची. उशिरा येणाऱ्यांसाठी खिडकी मध्यंतरापर्यंत उघडी, आणि ती बंद झाली की धावतपळत घर. नवरा लवकर गेलेला. आधी जयेश लहान, मग सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. घरी वाट बघणारं कुणी उरलं नाही, तोवर निवृत्तीच आली. पडदा वर जाताना त्यांनी कधी पाहिला नाही, खाली येताना तर नाहीच. भिंतीपलीकडून येणारं "वन्स मोअर!" तेवढं हजारदा ऐकलेलं. लोक म्हणायचे, मजा आहे बाई तुमची, रोज फुकट नाटक! त्या हसून पुढचं तिकीट फाडायच्या. जिवाचा किती चडफडाट व्हायचा, ते सांगणार कुणाला?

गेल्या आठवड्यात रुचाला बागेतून आणताना नदीकाठच्या छोट्या थिएटरची खिडकी दिसली आणि त्या थबकल्या. जपानीच्या नावाने आनंदच होता. पण काचेमागच्या बाईने प्लॅन पुढे सरकवला, तो कसा वाचायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तिसरी रांग, मधली खुर्ची. त्यांनी बोट ठेवलं, बाईने लाल पेन्सिलीने फुली मारली. सिंधूताईंना तिचा हातच धरावासा वाटला.

"बरं, मध्यंतरापर्यंत बघून ये," जयेश तडजोडीवर आला. "साडेसातला परत ये, मी उशिरा पोचतो."

आता मात्र सिंधूताईंचा पारा चढला. "मध्यंतराला उठायचं माझं सगळं करून झालंय, जयेश. तुझ्यासाठीही झालंय. आज मी शेवटपर्यंत बसणार. मोरिता-सानना सांग, आई थिएटरला गेलीय."

रुचा दारात येऊन हात हलवत म्हणाली, "इत्तेराश्शाई!" जाऊन ये म्हणायचं, असं बालवाडीत शिकवलेलं. घरात तेवढी एकच शहाणी होती.

साडेसहाला दिवे मंदावले आणि पडदा वर गेला. पांढऱ्या केसांच्या एक बाई गुडघे मुडपून बसल्या होत्या, मांडीवर शामिसेन. मध्यंतर झालं तेव्हा सिंधूताई सवयीने उठल्याच. पर्ससुद्धा खांद्याला लागली. मग त्या परत बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि खुर्चीचे हात घट्ट धरले. शेजारचे लोक चहा पिऊन आले, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

शेवटची रचना अशी काही रंगली की त्यांना रडू आवरेना. सूर थांबले. लोक शिस्तीत टाळ्या वाजवू लागले. आणि सिंधूताई उभ्या राहिल्या.

"वन्स मोअर!"

टाळ्या थांबल्या. माना वळल्या. कडेला उभी असलेली मुलगी वाकत वाकत आली आणि बसा म्हणून खुणावू लागली. सिंधूताईंची कानशिलं तापली, पण त्या बसल्या नाहीत. "वन्स मोअर!" या वेळी आणखी खणखणीत.

वादक बाईंनी शामिसेन बाजूला ठेवलं. मग सिंधूताईंच्याच दिशेने वळून जमिनीला डोकं टेकेपर्यंत वाकल्या. पुन्हा वाजवलं मात्र नाही. पडदा खाली येऊ लागला. तो पुरता खाली येईपर्यंत सिंधूताई उभ्याच होत्या.

त्या घरी आल्या तेव्हा रुचा झोपली होती आणि जयेश जळणारा आणि न जळणारा कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरत होता. रागावलेला होता, पण ताट वाढून ठेवलं होतं. सिंधूताईंनी टेबलावर पर्स उपडी केली, तसं त्याने त्यातलं अर्धं फाटलेलं तिकीट उचललं.

"हे जळणाऱ्यात टाकू ना?"

"हात लावू नकोस. ते माझं आहे."

त्यांनी तिकीट त्याच्या हातातून घेतलं, पासपोर्टात ठेवलं आणि हात धुऊन जेवायला बसल्या.