साबितची जागा

गाडीवर उभं राहून साबितने पॅराशूटच्या गाठोड्याचा शेवटचा पट्टा आवळून खटका दाबला, तेवढ्यात मागून कर्नलसाहेबांचा आवाज आला.

"आज तू नाही बसायचंस. खाली ये."

गाडी विमानात चढायला सज्ज होती. रणगाड्याची धाकटी बहीण म्हणावी अशी, अ‍ॅल्युमिनियमची, हलकी. चालक आणि तोफवाला यांना पोटात घेऊन ती पॅराशूटने आभाळातून खाली यायची. मागच्या वेळी टेकताना ती कलंडली आणि चालक साबित बाहेर येऊन सगळ्या पलटणीदेखत भडाभडा ओकला. आज मॉस्कोहून जनरल आले होते, आणि कर्नलसाहेबांना त्यांच्यासमोर शोभा करून घ्यायची नव्हती.

"मग मी कुठं जाऊ, साहेब?"

"भटारखान्यात. बटाटे सोलायला. आता तिथंच राहायचं."

तोफवाला रोदिओन मध्ये पडला. "साहेब, त्यानं आठवडाभर पॅराशूटच्या घड्या..."

"तू गप्प बस."

साबितचे कान तापले. आजवर ज्या माणसासमोर कुणी वर मान केली नव्हती, त्याच्याकडे त्याने सरळ पाहिलं.

"मी नाही उतरणार."

कर्नलसाहेबांनी दुसऱ्या तुकडीच्या उस्तीनला हाक मारली. साबितला 'ओकाऱ्या' हे नाव ठेवणारा तो हाच. साबितला त्याचं तोंड बघवत नव्हतं. उस्तीन आला, सूर्यफुलाच्या बीचं टरफल थुंकला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि वरच्या पॅराशूटच्या गाठोड्याच्या गाठीला हात घातला.

"अरे, हे काय करतोस?"

"सोडतोय, साहेब. ज्यानं घडी घातली त्यानंच तिच्या भरवशावर उडी मारायची, हा तुमचाच नियम. मी बसणार तर घडी मीच घालणार. मोठ्या छत्र्या आहेत, संध्याकाळ होईल. जनरलसाहेब थांबतील ना?"

मैदानापलीकडे जनरल घड्याळ बघत होते. कर्नलसाहेबांची मान लालबुंद झाली. उस्तीनचा हात गाठीवरून हलेना. साबितकडे तर तो बघतही नव्हता.

"आणि हा पुन्हा ओकला तर?" कर्नलसाहेब अखेर म्हणाले.

"ओकलो तर ओकलो, साहेब," साबित म्हणाला. "पण गाडी चालवत आणून तुमच्यापुढे उभी करीन."

कर्नलसाहेब तरातरा निघून गेले. उस्तीनने गाठीवरून हात काढून झटकले.

"रिकामा डबा घेऊन बस, ओकाऱ्या."

साबित आत शिरला आणि डोक्यावरचं झाकण त्याने स्वतःच ओढून घेतलं.